पाळीची तारीख, सोनोग्राफीची तारीख आणि मधले नऊ दिवस

एका गर्भवती भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटची पाळी ३ ऑगस्टला आली. पाळी नेहमीच उशिरा, ३५ ते ३८ दिवसांनी येते. यजमान जहाजावर नोकरीला असून ते २२ ऑगस्टला घरी आले. १ ऑक्टोबरला आतून केलेल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी १० मिलिमीटर, ठोके व्यवस्थित आणि वय ७ आठवडे १ दिवस असे आले. पाळीवरून मात्र त्या दिवशी ८ आठवडे ३ दिवस भरत होते. ३ नोव्हेंबरला दुसऱ्या केंद्रावर एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी पाहणारी सोनोग्राफी) झाला, त्यात लांबी ५६ मिलिमीटर आणि वय १२ आठवडे १ दिवस निघाले. त्यामुळे प्रसूतीच्या तीन तारखा हाती आल्या आहेत : पाळीवरून १० मे, पहिल्या सोनोग्राफीवरून १९ मे आणि दुसरीवरून १७ मे. विचारले आहे ते एवढेच, की सोनोग्राफी नऊ दिवसांनी चुकू शकते का, आणि यांतली कोणती तारीख खरी धरायची. शेवटच्या ओळीत मात्र असेही लिहिले आहे की १ ऑक्टोबरपासून सात आठवडे मागे मोजून घरातल्या कोणीतरी "तेव्हा तर मुलगा बोटीवर होता" असे बोलून दाखवले.

माझ्या मते खरी अडचण त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि ती सोनोग्राफीच्या अचूकपणापेक्षा आठवडे मोजण्याच्या रीतीतून आलेली आहे. म्हणून आधी तिचे उत्तर देते आणि मग तारखांकडे वळते.

गर्भारपणाचे आठवडे आम्ही डॉक्टर गर्भ राहिल्या दिवसापासून मोजत नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. यामागचे कारण निव्वळ सोयीचे आहे. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, पाळीचा दिवस मात्र बहुतेक बायकांना सांगता येतो. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचे स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते आणि त्यानंतर एका दिवसाच्या आतच त्याचे फलन होऊ शकते. म्हणजे मोजणीतले पहिले दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नसतो. सोनोग्राफीचे यंत्र तर फक्त लांबी मोजते. ती लांबी आत साठवलेल्या कोष्टकाशी ताडून ते वय छापते, आणि ते कोष्टकही पाळीपासूनच्याच आठवड्यांत मांडलेले असल्यामुळे ते दोन आठवडे छापील वयात आधीच धरलेले असतात.

आता तुमचा हिशेब करू. १ ऑक्टोबरला ७ आठवडे १ दिवस, म्हणजे ५० दिवस. पन्नास दिवस मागे गेले की १२ ऑगस्ट येतो, आणि घरात मोजणाऱ्या व्यक्तीने हाच दिवस धरला असणार. परंतु १२ ऑगस्ट हा गर्भ राहिल्याचा दिवस नसून, तुमची पाळी अठ्ठावीस दिवसांची असती तर ती ज्या दिवशी आली असती तो केवळ कागदावरचा दिवस आहे. त्यात चौदा दिवस मिळवले की २६ ऑगस्ट येतो. गर्भ राहिला तो या तारखेच्या आसपास, आणि तेव्हा तुमचे यजमान घरी येऊन चार दिवस झाले होते.

हाच हिशेब पाळीच्या बाजूने करून पाहा. पाळी उशिरा येते तेव्हा लांबतो तो सहसा स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीचा काळ. त्यानंतरचा काळ बहुतेक बायकांत दोन आठवड्यांच्या आसपासच राहतो. तुमची पाळी ३७ दिवसांनी येते असे धरले, तर ३ ऑगस्टनंतर सुमारे २३ दिवसांनी, म्हणजे पुन्हा २६ ऑगस्टच्याच सुमारास स्त्रीबीज बाहेर पडायला हवे. दोन वेगळ्या वाटांनी निघून हिशेब एकाच तारखेला पोचतो, याचा अर्थ मधल्या नऊ दिवसांत कोणाचीही चूक नाही. पाळीवरून काढलेल्या वयाने तुमची पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे असे गृहीत धरले होते आणि ती तशी नाही, एवढेच त्यांचे कारण आहे.

याच्या पुढे एक पाऊलही सोनोग्राफी जाऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. १ ऑक्टोबरच्या मापावरून २६ ऑगस्ट निघतो तो दोन्ही बाजूंना सुमारे पाच दिवसांची सूट ठेवून, म्हणजे २१ ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान कधीतरी. त्यातच शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे संबंधाचा दिवस आणि गर्भ राहिल्याचा दिवस एकच असेल असेही नाही. तुमच्या तारखा एकमेकींशी जुळतात आणि या रिपोर्टमधून संशयाला कोणतीही जागा निघत नाही, इतके मी खात्रीने म्हणेन. मात्र चार-दोन दिवसांच्या फरकावरून कोणी पितृत्वाचा निवाडा करू पाहत असेल, मग तो कोणाच्याही बाजूने असो, तर त्यासाठी हे साधनच नव्हे. ते काम फक्त डीएनए तपासणीचे आहे, आणि तुमच्या बाबतीत तिचा विचार करण्याचे काहीही कारण मला दिसत नाही.

मी किनारपट्टीवरच्या एका गावात प्रॅक्टिस करते. बोटीवर, आखातात किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या पुरुषांच्या घरांत हा दोन आठवड्यांचा गोंधळ इतक्या नियमाने होतो की नवरा बाहेरगावी असल्याचे कळले, तर रिपोर्ट हातात देण्याआधी मी कोणी न विचारताच हा हिशेब कागदावर मांडून देते, आणि शक्य असेल तर सासूबाईंना समोर बसवूनच मांडते.

आता मूळ प्रश्न : सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी कितपत अचूक असते? गर्भाचे माप ध्वनिलहरींनी घेण्याची विद्या स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात वाढीला लागली. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पहिला मोठा लेख १९५८ सालचा आहे. त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाची माथ्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजण्याची पद्धत मांडली; रिपोर्टमध्ये जिला सीआरएल म्हणतात ती हीच. १९७५ साली त्यांनी फ्लेमिंग यांच्याबरोबर या लांबीवरून वय काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले, आणि एकदाच घेतलेल्या मापावरून शंभरातल्या पंच्याण्णव जणींचे वय ४.७ दिवसांच्या फरकात सांगता येते, तर तीन स्वतंत्र मापांची सरासरी घेतली तर तो फरक २.७ दिवसांवर येतो, असे दाखवले. त्यानंतर यंत्रे कितीतरी सुधारली, पण ही मर्यादा फारशी हललेली नाही. आजही पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची अचूकता आम्ही पाच ते सात दिवसांची धरतो.

यंत्र सुधारूनही मर्यादा न हलण्याचे कारण असे की उरलेला फरक मुख्यतः गर्भात आहे. एकाच दिवशी राहिलेले दोन निरोगी गर्भही अगदी तंतोतंत सारख्या लांबीचे नसतात. फलन झाल्यापासून गर्भ पिशवीत रुजेपर्यंतचा काळही सगळ्यांत सारखा नसतो. तो सहा ते बारा दिवसांच्या दरम्यान, आणि बहुतेकींत आठ ते दहा दिवसांचा असतो. तरीदेखील पहिल्या तीन महिन्यांत गर्भांची वाढ आश्चर्य वाटावे इतकी एकसारखी होते. ७ आठवड्यांना सुमारे १० मिलिमीटर, ८ आठवड्यांना १६, ९ ला २३, १० ला ३२ आणि १२ ला ५४ मिलिमीटर, ही मापे आईची उंची, वजन वा खाणेपिणे यांमुळे फारशी बदलत नाहीत. पुढे वाढीवर आईवडिलांची अंगकाठी, वारेचे काम, आईचा रक्तदाब आणि साखर यांचा प्रभाव पडू लागतो आणि बाळे एकमेकांपासून वेगळी होत जातात. ती जितकी वेगळी होतात तितके मापावरून वय सांगणे कठीण होते. २२ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पहिल्यांदा सोनोग्राफी झाली असेल, तर मी तारखेत दोन आठवड्यांची सूट धरते, आणि २८ आठवड्यांनंतर तीन आठवड्यांची.

उरलेला काही फरक मोजणाऱ्याच्या हातातला असतो. सात-आठ आठवड्यांच्या सुमारास गर्भ दिवसाला एक मिलिमीटरच्या जवळपास वाढतो, त्यामुळे पडद्यावर खूण एक मिलिमीटर इकडची तिकडे झाली की वय एका दिवसाने बदलते. लांबी ४ मिलिमीटर असताना एवढ्या लहान ठिपक्याची टोके ओळखणेच अवघड जाते, आणि शेजारची योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) चुकून मापात आली तर वय फुगते. बाराव्या आठवड्यात अडचण निराळी असते : तेव्हा बाळ हलते, मान छातीशी घेते किंवा मागे टाकते, आणि मान वाकलेली असताना मोजले तर लांबी कमी भरते. बाळ मान सरळ ठेवून आडवे पडेपर्यंत थांबावे, चित्र पुरेसे मोठे करावे आणि तीन वेळा मोजावे, ही साधी शिस्त आहे. पण बाहेर वीस जणी पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या असतात तेव्हा ती पाळण्यासाठी डॉक्टरच्या अंगी थोडा हट्टीपणा असावा लागतो. पोटावरून की आतून, यानेही फरक पडतो. नऊ आठवड्यांच्या आत आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ स्पष्ट दिसतो; पोटावरून पाहताना, विशेषतः वजन जास्त असेल किंवा लघवीची पिशवी भरलेली नसेल तर, कडा पुसट येतात. शिवाय वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळी सूत्रे भरलेली असतात, आणि तेवढ्यानेही एखादा दिवस मागेपुढे होतो.

तुमच्या दोन सोनोग्राफींत दोन दिवसांचा फरक आहे तो या सगळ्याच्या आत सहज बसतो. किंबहुना दोन केंद्रे, दोन यंत्रे आणि दोन डॉक्टर असूनही तेहेतीस दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे केवळ दोन दिवसांनी हुकली, याचा अर्थ दोन्ही मापे चांगली घेतली गेली आहेत आणि बाळाची वाढ जशी हवी तशी झाली आहे. या दोघींतली कोणती धरावी याबद्दल डॉक्टरांत थोडा मतभेद आढळेल. काही जण ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यानचे, म्हणजे एनटी स्कॅनच्या वेळचेच माप प्रमाण मानतात. काही जण सर्वांत पहिले स्पष्ट माप धरतात. सात आठवड्यांच्या आत घाईने घेतलेल्या ३-४ मिलिमीटरच्या मापावर मी स्वतः प्रसूतीची तारीख पक्की करत नाही, एनटी स्कॅनपर्यंत थांबते. पण १० मिलिमीटर, आतून घेतलेले, ठोक्यांसह, असे माप असेल तर मला ते पुरेसे वाटते. म्हणून मी १९ मे धरली असती. तुमच्या डॉक्टरांनी १७ मे धरली असेल तरी त्यांच्याशी वाद घालू नका, दोन दिवसांनी व्यवहारात काही बदलत नाही. डबल मार्करच्या, म्हणजे बाळातल्या जन्मजात दोषांची शक्यता पाहणाऱ्या रक्ततपासणीच्या, हिशेबात मात्र ३ नोव्हेंबरची ५६ मिलिमीटर ही लांबीच घेतली जाईल आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी प्रसूतीची तारीख बदलावी लागत नाही.

पाळीची तारीख केव्हा सोडायची, याचा नियम अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली पुन्हा नीट शब्दबद्ध केला आणि आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी तोच वापरला जातो. पाळीवरून ९ आठवडे पूर्ण होण्याआधी सोनोग्राफी झाली आणि फरक पाच दिवसांहून जास्त निघाला, तर सोनोग्राफीची तारीख घ्यायची. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान झाली तर ही मर्यादा सात दिवसांची. फरक यापेक्षा कमी असेल तर पाळीची तारीख तशीच ठेवायची, कारण तो सोनोग्राफीच्या स्वतःच्याच अचूकतेच्या मर्यादेत बसतो आणि त्याच्या आधाराने काही बदलणे तर्काला धरून होत नाही. तुमचा फरक नऊ दिवसांचा आहे, तेव्हा १० मे ही तारीख रद्द समजावी. हाच फरक तीन दिवसांचा असता तर मी उलट सल्ला दिला असता.

पाळीच्या तारखेला मी कमी लेखते असे मात्र समजू नका. आपल्याकडच्या बायका ती तारीख इंग्रजी महिन्याने सांगत नसल्या तरी पुष्कळदा फार नेमकी सांगतात : गौरी बसल्या त्याच दिवशी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी. सणाच्या दिवशी देवघरापासून बाजूला बसावे लागले की तो दिवस विसरला जात नाही. त्याच सणांमुळे दुसरी अडचणही येते. गणपतीत किंवा घरच्या लग्नात अडचण नको म्हणून पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या जातात, त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो, आणि पुढे दिवस राहिले तर कोणी गोळ्यांनंतरची तारीख सांगते, तर कोणी पाळी "खरे तर यायची होती" ती. अशा वेळी मी गोळ्यांविषयी स्वतःहून विचारते. पीसीओडी (बीजकोशांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होणे), बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच राहिलेले दिवस, नुकत्याच बंद केलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, आणि गर्भ रुजण्याच्या सुमारास झालेला किंचित रक्तस्राव पाळी समजला जाणे, या सगळ्यांत पाळीवरचा हिशेब हुकतो. सोनोग्राफीच्या आधी एफ फॉर्म (कायद्याने भरावा लागणारा अर्ज) भरताना काउंटरवर घाईघाईने सांगितलेली तारीखच पुढे सगळ्या कागदांवर उतरत जाते, म्हणून ती आठवून, आणि पाळी किती दिवसांनी येते तेही सोबत, सांगावी.

सोनोग्राफीत वय कमी भरले की ते नेहमी उशिरा गर्भ राहिल्यामुळेच असते असेही नाही, आणि हा भाग तुम्हाला लागू नसला तरी इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. ज्या बाईची पाळी घड्याळासारखी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि जिला दिवस नक्की आठवतो, तिच्या सोनोग्राफीत वय नऊ दिवसांनी कमी निघाले आणि ठोके दिसले नाहीत, तर गर्भाची वाढ थांबली असण्याची शक्यता मनात धरावी लागते. परंतु त्याच दिवशी तसे ठरवून टाकणे चुकीचे ठरू शकते. आतून केलेल्या सोनोग्राफीत लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नाहीत, अथवा सॅकचा (गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा) सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असूनही आत गर्भ नाही, तेव्हाच गर्भ टिकलेला नाही असे खात्रीने म्हणावे, हे निकष २०१३ सालापासून मान्य झाले आहेत. त्याच्या अलीकडे असेल तर दहा ते चौदा दिवस थांबून पुन्हा पाहायचे. ते दिवस घरच्यांना फार जड जातात, हे मला माहीत आहे. तरीही गर्भपिशवी साफ करण्याचा सल्ला पहिल्याच तपासणीत मिळाला, तर माप किती होते हे विचारून घ्यावे आणि गरज वाटल्यास दुसरीकडे दाखवावे. तुमच्या बाबतीत ठोके दिसले होते आणि पुढच्या तेहेतीस दिवसांत लांबी १० वरून ५६ मिलिमीटरवर गेली, तेव्हा हा प्रश्न उरत नाही.

"ही कोष्टके गोऱ्या बायकांची, आपली बाळे लहानच असतात" असेही अनेकदा ऐकू येते. जन्माच्या वेळच्या वजनाबद्दल त्यात काही तथ्य असले तरी पहिल्या तीन महिन्यांबद्दल नाही. इंटरग्रोथ-२१ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठ ठिकाणच्या निरोगी, नीट खाऊनपिऊन असलेल्या गर्भवतींची मापे एकाच पद्धतीने घेतली गेली, आणि ऑक्सफर्ड, सिअ‍ॅटल, नैरोबी, मस्कत यांच्या जोडीला त्यांत आपले नागपूरही होते. गर्भाच्या सुरुवातीच्या लांबीत या शहरांमधला फरक अगदी नगण्य निघाला. तेव्हा ७ आठवडे १ दिवस हे वय इथल्या बाळालाही तितक्याच विश्वासाने लावता येते.

यापुढे काय होईल ते आधीच सांगून ठेवते, कारण निम्मा गोंधळ इथून पुढे सुरू होतो. पाचव्या महिन्यातल्या, सातव्या महिन्यातल्या आणि शेवटच्या अशा प्रत्येक सोनोग्राफीत यंत्र डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून एक सरासरी वय काढील आणि त्यावरून दर वेळी प्रसूतीची नवी तारीख छापील. ती तारीख वाचून घरी चर्चा होईल. ती वाचावी आणि सोडून द्यावी. पहिल्या तीन महिन्यांत एकदा ठरलेली तारीख पुन्हा हलवायची नसते, कारण त्यानंतरची सोनोग्राफी वय सांगण्यासाठी नसतेच. ठरलेल्या वयाच्या मानाने बाळ किती वाढले आहे हे पाहण्यासाठी ती असते. दर महिन्याला मुलाची उंची बघून त्याची जन्मतारीख बदलत गेलो, तर ते मूल खुजे राहते आहे हे कधीच कळणार नाही.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे थांबते. समजा १९ मे ही तारीख धरून तुमचे ३२ आठवडे पूर्ण झाले आहेत आणि त्या दिवशीच्या मापांवरून यंत्राने २९ आठवडे असे सरासरी वय छापले. तारीख पक्की आहे हे माहीत असलेला डॉक्टर लगेच विचार करील की बाळ तीन आठवड्यांनी मागे का पडले. तो पोटाचा घेर पुन्हा पाहील, नाळेतला रक्तप्रवाह डॉप्लरने तपासील, तुमचा रक्तदाब घेईल आणि दोन आठवड्यांनी वाढ पुन्हा मोजायला बोलावील. तारीख पक्की नसेल तर तोच रिपोर्ट "आपल्याला वाटले त्यापेक्षा दिवस कमी आहेत" एवढेच म्हणून फाइलमध्ये जातो, आणि वार नीट काम करत नसल्यामुळे उपाशी राहिलेले बाळ तसेच राहते. उलट बाजूने, साखरेच्या त्रासामुळे मोठे झालेले बाळ "दिवस भरले" समजून आधीच बाहेर काढले जाऊ शकते, आणि मग आकाराने मोठे पण फुप्फुसाने कच्चे असे बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागते. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने द्यायची की नाहीत, मोठ्या इस्पितळात पाठवायचे की नाही, हे निर्णयही त्याच तारखेवर उभे असतात. नको असलेल्या गर्भाच्या बाबतीत तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यातल्या २० आणि २४ आठवड्यांच्या मर्यादा असल्यामुळे एका आठवड्याचा फरकही सगळे चित्र बदलू शकतो.

यातून वेगळ्या राहतात त्या आयव्हीएफने दिवस राहिलेल्या बायका. त्यांच्या गर्भाचा जन्मदिवसच प्रयोगशाळेत लिहिलेला असतो. पाच दिवसांचा गर्भ पिशवीत सोडला असेल तर त्या दिवसात २६१ मिळवून प्रसूतीची तारीख काढायची आणि सोनोग्राफीने काहीही छापले तरी ती बदलायची नाही.

तुम्ही आता करायचे ते फारसे काही नाही. पुढच्या तपासणीला दोन्ही रिपोर्ट घेऊन जा आणि डॉक्टरांकडून माता-बाल कार्डावर एकच तारीख ठळक लिहून घ्या, तीही "१ ऑक्टोबरच्या सीआरएलवरून" असे कारण देऊन, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तरी तिथल्या डॉक्टरला ती कुठून आली ते कळेल. पाळीची मूळ तारीख खोडायला लावू नका, ती नोंद म्हणून राहू द्या. पहिल्या रिपोर्टची प्रत आणि शक्य असेल तर ते चित्र जपून ठेवा. नवव्या महिन्यात डॉक्टरला ज्या कागदाची सर्वांत जास्त गरज लागते तो हाच, आणि माहेरी बाळंतपणाला जाताना नेमका तोच सासरी राहतो.

घरच्यांना प्रसूतीचा "दिवस" सांगू नका, पंधरवडा सांगा. गर्भ राहिल्याचा दिवस अगदी नक्की माहीत असलेल्या निरोगी बायकांतही बाळंतपणाचा दिवस फार मागेपुढे होतो : २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्रीबीज बाहेर पडल्याचा दिवस लघवीच्या तपासण्यांवरून ठरवला होता, तरी अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वगळूनही उरलेल्या गर्भारपणांची लांबी एकमेकींपासून ३७ दिवसांपर्यंत वेगळी भरली. दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच असतात. तेव्हा १९ मे उलटून गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. २६ मे रोजी ४१ आठवडे पूर्ण होतील. तोवर कळा आल्या नाहीत तर औषधाने कळा आणण्याविषयी तुमचे डॉक्टर बोलतील, आणि तो सल्ला मी मानला असता. १० मे हीच तारीख कार्डावर राहिली असती, तर हेच बोलणे १७ मे रोजी झाले असते, म्हणजे खऱ्या हिशेबाने ४० आठवडेही भरण्याच्या दोन दिवस आधी.